आखाजीला माहेरी गेलेलं संशोधन

बाई, अहवाल लिहून झालाय आणि पाठवायचा धीर होत नाहीये, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर फोन केला असता, आणि माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही म्हणाला असतात, आधी पाणी पी. पाणी पिऊन झालंय. चहाही झालाय, नको असताना. कपाटातल्या फायली काढून पुसून परत लावल्यात. माझी ही खोड तुम्हाला ठाऊक आहे. जीव टांगणीला लागला की मी आवराआवर करते, आणि मग हवी ती वस्तू पुढचे आठ दिवस कुणाला सापडत नाही. ऑफिस अजून पंचवटीतच आहे, पिठाच्या गिरणीच्या वर. दुपारी गिरणी सुरू झाली की टेबल हलतं.

काम तुमच्याच वळणाचं आहे. नवरा टँकरवर किंवा ट्रकवर, नाहीतर कुठेतरी लांब बांधकामावर, महिनोन्महिने घराबाहेर, अशी घरं आम्ही धरली आहेत. एचआयव्ही म्हटलं की माणसं अजूनही आवाज खाली करतात, तुमच्या वेळेसारखाच. फक्त आता आवाज खाली करताना मोबाइल बघायचं निमित्त मिळतं. नवरा, बायको आणि जमलं तर सासू यांना एकत्र बसवायचं आणि बोलतं करायचं. तपासणी का करून घ्यायची, कंडोमचा विषय नवऱ्याशी कसा काढायचा, पोटात बाळ असताना तपासणी का टाळायची नाही, औषधं सुरू असतील तर ती रोज लक्षात कशी ठेवायची. अशा बोलण्यानं घरातलं वागणं खरंच बदलतं का, हे पाहायला आम्हाला अनुदान मिळालंय. तुम्ही नाक मुरडलं असतं. "वागणं बदलतं का" हे वाक्य कुणी बोललं की तुम्ही विचारायचात, आधी तुझं किती बदललंय ते सांग.

अनुदान देणाऱ्यांना आमच्या तळमळीचं काही नसतं, आणि नसावंही. त्यांना फरक बघायचा असतो. म्हणून गावांचे दोन भाग केले. मनमाडच्या बाजूच्या गावांत बैठका घ्यायच्या. सटाण्याच्या बाजूची गावं थांबवून ठेवायची, म्हणजे तिथे सरकारी दवाखान्यात मिळतं ते मिळत राहील, आम्ही फक्त प्रश्न विचारून यायचं आणि बैठका नंतर घेऊ असा शब्द द्यायचा. शेवटी दोन्हीकडचं ताडून पाहायचं. बैठकांच्या गावांत जास्त बदल दिसला तर पुढच्या टप्प्याचं अनुदान, आणि त्यातून थांबलेल्या गावांच्या बैठका. नाही दिसला तर गाशा गुंडाळायचा. एकच अट फार काटेकोर होती, की इकडचं बोलणं तिकडे पोचता कामा नये, कारण पोचलं तर तुलनाच बाद. म्हणून मी भिंतीवर नकाशा लावला आणि लांबलांबची गावं निवडली. मध्ये डोंगर, तालुका वेगळा, बाजाराचं गाव वेगळं. स्वतःवर खूश होऊन त्या दिवशी मी खालून सगळ्यांसाठी भेळ मागवली होती.

आकडे बघणारे आमचे सहकारी पुण्यात असतात. शांत गृहस्थ आहेत, वाईट बातमीही बातम्या वाचल्यासारखी सांगतात. गेल्या पंधरवड्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, मॅडम, दोन्हीकडे बायका तपासणीला गेल्यात, दोन्हीकडे औषधं नीट घेतली जातायत, चांगलंच चाललंय. मी खुशीत येणार तेवढ्यात म्हणाले, पण फरक नाही. बैठका घेतलेल्या आणि न घेतलेल्या गावांत फरकच नाही. याचा सरळ अर्थ असा होत होता की आमच्या बैठकांनी काहीच केलं नाही. जे झालं ते असंही झालंच असतं, आणि आम्ही उगीच लोकांच्या ओसऱ्या झिजवल्या.

त्या दिवसापासून मला झोपेतसुद्धा मनमाड दिसतंय. आत्ताचं नाही, तुमचं मनमाड. रेल्वेच्या चाळी, कोळशाचा वास, आणि तुमचा तो पहिला अभ्यास, ज्याचे पैसे देणाऱ्यांनी मधेच हात आखडता घेतला. मी तेव्हा नुकती तुमच्याकडे लागले होते. ऑफिसची खोली सोडावी लागली, सगळी खोकी तुमच्या गंगापूर रोडच्या घरी आली आणि झोपाळ्याखाली रचली गेली. मी तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी आहे. तुम्ही उपम्यासाठी रवा भाजताय आणि तो करपत चाललाय, पण दोघींचंही लक्ष नाही. मी सुचवते की घरोघर जाण्यापेक्षा आपण पत्रं टाकू या, की आता आमचं येणं होणार नाही. तुम्ही कढई उतरवता. तुमचा आवाज चढत नाही, तेच जास्त लागतं.

"पोस्टमन चाळीत पत्र वाटणार, कुणाकुणाच्या दारात टाकलं ते अख्खी चाळ बघणार. तू शिकलीस तरी काय गं माझ्याकडे?"

मग आपण भर उन्हात जातो. माझ्या टाचेच्या चपलेचा अंगठा तुटतो आणि तुम्ही स्टेशनबाहेरच्या दुकानातून मला पुरुषी थाटाच्या, जाड तळाच्या चपला घेऊन देता. मला त्या मुळीच आवडत नाहीत. नंतर त्याच चपलांनी मी हरसूलचे चढ चढले, आणि त्यांचे तळ दोनदा बदलून घेतले, ही गोष्ट वेगळी. दार दार फिरून आपण सांगत होतो की आम्ही आता येणार नाही. एका बाईने पदराने हात पुसत तुम्हाला विचारलं, मग आता कोण येणार? तुम्ही तिच्या दारातून पुढच्या दाराकडे वळलात. मी तुम्हाला पहिल्यांदाच तसं वळताना पाहिलं. आज मला पैसे बंद होण्यापेक्षा त्या प्रश्नाची जास्त भीती वाटते, कारण या वेळी तो मला विचारला जाईल.

फोन आल्यावर मला ऑफिसात बसवेना. मी सटाण्याच्या बाजूच्या एका थांबलेल्या गावात स्वतः गेले. डाळिंबाच्या बागा, ऊन मी म्हणत होतं. एका ओसरीवर एक चाळिशीची बाई मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. तिचा नवरा टँकरवर, दोघांची औषधं सुरू होती, तिने मागेच प्रश्न विचारायला गेलेल्या आमच्या कार्यकर्तीला ते मोकळेपणाने सांगितलं होतं. मी सहज विचारलं, गोळीची वेळ लक्षात कशी राहते? ती म्हणाली, देवाजवळ दिवा लावायचा तेव्हाच गोळी घ्यायची, दिवा चुकत नाही तर गोळी चुकत नाही.

बाई, हे वाक्य आमचं आहे. म्हणजे माझंही नाही, आमच्या मनमाडकडच्या थोरल्या कार्यकर्तीचं आहे. ती स्वतः विधवा, स्वतः ही औषधं घेते, आणि तिने स्वतःसाठी काढलेली ही युक्ती ती प्रत्येक बैठकीत सांगते. कुठल्या पत्रकात ती छापलेली नाही, कुठल्या दवाखान्यात कुणी सांगत नाही. मी त्या बाईला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तिने मान वर न करता, काय विचारते ही बाई, अशा सुरात उत्तर दिलं.

"मनी ननंद उनी व्हती ना आखाजीले. तिना गावमा तुमन्या बाया येतस."

नणंद आखाजीला माहेरी आली होती. नणंदेचं सासर मनमाडच्या बाजूला, आमच्या बैठकांच्या गावात. मी ओसरीवर बसल्या बसल्या कपाळाला हात लावला. अक्षय्य तृतीयेला आमच्या भागातल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, दुपारभर बोलतात. दिवाळीला येतात तेव्हा कामात असतात, आखाजीला मात्र नुसत्या बोलतात. आणि सासरी ज्या गोष्टींचा उच्चार होत नाही त्या तर माहेरीच बोलतात. मनमाडच्या गावांत सटाण्याकडच्या लेकी दिलेल्या आहेत, सटाण्याकडे मनमाडच्या. डोंगर आडवा असला म्हणून सोयरीक थांबते थोडीच? हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं. मी सटाण्याकडची आहे. आखाजीच्या झोक्यावरून पडून माझ्या हनुवटीला खोक पडली होती, ती खूण अजून आहे. आणि मी गावं निवडताना किलोमीटर मोजत बसले. तुम्ही शिकवलेला पहिला प्रश्न आम्ही आजही प्रत्येक घरी विचारतो, की माहेर कुठलं? त्याने बाईचा चेहरा उघडतो आणि पुढचं बोलणं सोपं होतं. आम्ही विचारलं, त्यांनी सांगितलं, आम्ही मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. त्या उत्तराकडे मी गप्पांची सुरुवात म्हणूनच पाहिलं.

खरं सांगते, पहिल्यांदा मला हसू आलं. मग आनंद झाला. आमचं बोलणं डोंगर ओलांडून आलं होतं, कुणाच्या पदराला बांधून, पुरणपोळीबरोबर. त्या आनंदात मी गल्लीच्या टोकाच्या घरी गेले. तिथे एक कोवळी विधवा राहते, नवरा याच आजाराने गेलेला, पदरात एक मुलगी. मला वाटलं, हिच्यापर्यंतही आलं असेल. तिला काहीच माहीत नव्हतं. तिची तपासणी झाली नव्हती, मुलीची तर नाहीच. नवरा गेल्यावर तिला माहेरहून बोलावणं येईनासं झालं होतं, आणि तिच्या नणंदा आल्या तरी त्यांचा झोका दुसऱ्या आळीत बांधला जात होता. तिच्या दाराशी कुणी बसलं नव्हतं. आम्ही तर तिला नुसते प्रश्न विचारून गेलो होतो, कारण तिचं गाव थांबलेलं होतं. मी नियमबियम बाजूला ठेवले, तिला सरकारी केंद्रात कुठे जायचं, कुणाला भेटायचं ते सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मीच तिला आणि मुलीला घेऊन गेले. मुलीचा रिपोर्ट चांगला आला. तिचा नाही. पण आता औषधं सुरू झाली आहेत, आणि ती मुलीला शाळेत सोडून येते तेव्हा मला मिस्ड कॉल देते. मी उलट फोन करते.

परत आल्यावर पुण्याला सगळं सांगितलं. आमच्या सहकाऱ्यांनी गावांची यादी पुन्हा उघडली. मग म्हणाले की ज्या गावांत असं येणंजाणं झालंय ती बाजूला काढू, उरलेल्यांत थोडा तरी फरक दिसेल, आणि ती गावं का वगळली याचं काहीतरी कारण देता येईल. वाईट माणूस नाही, बाई. त्यालाही काम चालू राहायला हवंय. आणि मी लगेच नाही म्हणाले नाही. विचार करते म्हणाले, आणि खरंच केला. फोन ठेवल्यावर मी मनातल्या मनात ते कारण लिहूनसुद्धा बघितलं, आणि ते इतकं सफाईदार जमलं की माझीच मला भीती वाटली.

त्यात थोरली कार्यकर्ती आली. तिला मी आखाजीची गोष्ट सांगितली तर तिला केवढं अप्रूप. तिने तोंडाला पदर लावला, म्हणाली, माझी दिव्याची गोष्ट एवढ्या लांब गेली? मग अहवालाचं निघालं, आणि खरं लिहिलं तर काय होऊ शकतं ते मी सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर आली. तिचं माहेर सायखेड्याला, गोदावरीच्या काठाला. नवरा गेल्यापासून भावांनी तिला बोलावलेलं नाही. सासरी दिराच्या घरात तिला मागची खोली होती. हे काम लागल्यापासून ती जेवायला पुढच्या खोलीत बसते, कारण ती आता पगार आणते आणि लोक तिला नावाने विचारत येतात.

"ताई, काय लिव्हायचं ते लिव्हा, पण बंद नका पडू देऊ. मला आता मागच्या खोलीत नाय जायचं."

खोटं लिहिलं तर कदाचित ती पुढच्या खोलीत राहील. खरं लिहिलं तर काय होईल ते अनुदान देणाऱ्या दिल्लीच्या मॅडमच्या हातात आहे, आणि त्या मॅडम फोनवर गोड बोलतात, पण अहवालावर लाल अक्षरांत लिहितात. मी तिला चहा दिला. तिने तो बशीत ओतून घेतला.

मग मी लिहायला बसले, आणि गावं वगळली नाहीत. लिहिलं की तुलना बाद झाली आहे आणि त्याची जबाबदारी गावं निवडणाऱ्या माझी आहे. लिहिलं की आमचं बोलणं माहेरच्या वाटेने गेलं आणि जिथे गेलं तिथे टिकलं, ते कुणाकुणाच्या तोंडून गेलं हे आम्ही घरोघर विचारून ताडू शकतो. आणि लिहिलं की ज्या बाईला माहेर उरलेलं नाही तिच्यापर्यंत ते गेलं नाही, आणि आजार सगळ्यात आधी पोचतो तो तिच्यापर्यंत. पुढचे पैसे तिच्यासाठी मागितले आहेत. त्या थांबलेल्या गावांतली अशी घरं शोधून तिथे आमच्या बायका जातील, दर आखाजीला, आणि अधेमधेही. हे लिहिताना मला बरं वाटलं. लिहून झाल्यावर लगेच वाटेनासं झालं. फरक दाखवा म्हणणाऱ्यांना मी एक चूक आणि एक मागणी पाठवते आहे. तुमच्याही मनमाडच्या अहवालात तुम्ही असंच काही लिहिलं होतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तो अहवाल कुणी मागितलाच नव्हता, एवढं मात्र आठवतं.

मधेच उठून मी तो पाठवून आले. तुम्हाला लिहिता लिहिताच. बटण दाबताना डोळे मिटले होते. आता फोन उलटा ठेवलाय आणि दर थोड्या वेळाने सुलटा करून बघतेय. मॅडमनी पोच दिली आहे, बाकी काही नाही. एक शब्द, "मिळाला". त्यावरून काय समजायचं? उद्या समजलं तर उद्या, नाहीतर महिनाभर असंच. पैसे बंद झालेच तर मी त्या सगळ्या दारांना जाईन, पत्रं टाकणार नाही, एवढं तुम्हाला सांगून ठेवते. थोरल्या कार्यकर्तीकडे आधी जावं लागेल. ते कसं सांगायचं ते मला येत नाही.

आणखी एक राहिलंय. त्या कोवळ्या विधवेला मी रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, माहेर कुठलं? तिने सांगितलं, आणि मग उलट मलाच विचारलं, ताई, तुमचं? तुम्हाला माहीत आहे, आई-वडील मी शिकत असतानाच गेले आणि भाऊ गुजरातेत गेला तो तिकडचाच झाला. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तुम्ही विचारलंत, कुठे जाणार आहेस, कुठे नाही ना, मग इकडे ये. तुमच्याकडे आखाजी करायची पद्धतच नव्हती. तुम्ही डब्यातला आमरस आणलात, त्यात गुठळ्या होत्या, पुरणपोळ्या विकतच्या होत्या आणि खण दुकानातल्या घडीसकट माझ्या ओटीत टाकलात. मग बाल्कनीतल्या कुरकुरणाऱ्या झोपाळ्यावर मला बसवलंत, बसलीस ना झोक्यावर, झालं तर. तुम्ही होतात तोवर दर आखाजीला मी येत राहिले. आता तुमच्या घराच्या जागी इमारत झालीय, खाली दातांचा दवाखाना आहे.

मी तिला म्हणाले, माझं माहेर नाशिकला, गंगापूर रोडला. ती म्हणाली, मग आखाजीला जाता का? मी म्हणाले, हो, जाते.